बाटली आणि पिशवी

आमची दादी रक्तपेढीला 'खून की दुकान' म्हणायची. लहानपणी आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. गंजपेठेत कुठे ईद-ए-मिलादला किंवा गणपतीत रक्तदानाचा मांडव पडला, की दादी त्या बाजूने जात नसे, वळसा घालून मोमीनपुऱ्याच्या गल्लीतून यायची. जुन्या बायकांना सुईची भीती असते, तसलं काही तरी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यामागे काय होतं ते मला जुलै २०२० मध्ये कळलं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागायचा होता.

त्या वर्षाविषयी आपल्या लोकांना नव्याने काय सांगायचं? तरी थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यातूनच निघाली आहे. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. दुसऱ्या दिवशी १० मार्च, म्हणजे सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. फुलेवाडा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. तिथे फुलं वाहायला आलेल्या कुणाच्याही मनात त्या दिवशी प्लेग नव्हता. महिनाभरात मात्र आमच्या पेठा पत्रे ठोकून बंद झाल्या.

मध्येच निजामुद्दीनचं प्रकरण झालं. आमच्या घरातलं कुणी आयुष्यात कधी जमातीत गेलेलं नाही. अब्बा जुम्म्याची नमाज चुकवत नाहीत, एवढंच. तरीही वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला उद्देशून नव्हे, पण मी तिथे आहे हे माहीत असताना, जे यायचं ते यायचं. मी उत्तर दिलं नाही. ग्रुपही सोडला नाही, कारण नोट्स त्याच ग्रुपवर यायच्या. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचं स्पष्ट म्हटलं. त्या निकालाची बातमी ग्रुपवर कुणी टाकली नाही. मीही टाकली नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

आजार आमच्या घरी रमजानमध्ये आला. आधी अब्बांना ताप, मग अम्मीला, मग मला. दीड खोलीच्या घरात विलगीकरण कसलं करणार? दादी आणि धाकटी बहीण मात्र वाचल्या, कशा ते अल्लाह जाणे. मला आणि अम्मीला पालिकेच्या गाडीने शहराच्या टोकाच्या एका वसतिगृहात नेलं. अब्बा सहा दिवस ऑक्सिजनवर होते. २५ मेची ईद मी त्या वसतिगृहाच्या खिडकीत बसून केली. खाली सफाई करणाऱ्या बाईंनी वर बघून 'ईद मुबारक' म्हटलं, ते अजून कानात आहे. दोन दिवसांनी आम्ही सगळे घरी आलो.

घरी आलो तर तिसरंच संकट. अब्बांचा टेम्पो टिंबर मार्केटमध्ये भाड्याने चालतो. मार्चपासून चाक फिरलं नव्हतं. बँकेचे हप्ते थांबले होते, पण थांबलेला हप्ता काही माफ होत नाही. माझी पुढच्या वर्षाची फी भरायची होती. ऑनलाइन तासांसाठी घरात एकच फोन, तोही काच तडकलेला.

जूनपासून प्लाझ्माची चर्चा सुरू झाली होती. २९ जूनला राज्य सरकारने 'प्रोजेक्ट प्लॅटिना' जाहीर केला आणि वर्तमानपत्रांत रोज आवाहनं यायला लागली की बरे झालेल्यांनी पुढे यावं. कल्पना जुनीच आहे. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती रक्ताच्या पिवळसर पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात असतात. ते पाणी आजारी माणसाला दिलं तर त्याला उसनी ताकद मिळेल, असा हिशेब. बेहरिंग आणि कितासातो या दोघांनी १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वातावर हेच तत्त्व दाखवलं होतं, आणि वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये बेहरिंगला मिळालं ते त्यासाठीच. त्यांचं रक्तजल जनावरांचं होतं. पुणेकरांना हे परकं वाटू नये. सायरस पूनावालांच्या स्टडफार्मवरचे म्हातारे घोडे हाफकिन संस्थेला जायचे, धनुर्वाताची लस म्हणून लोक ज्याला ओळखायचे ते सीरम बनवण्यासाठी. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. टिंबर मार्केटच्या हमालांना खिळा लागला की जी सुई टोचली जायची, तिच्यात कुठल्या तरी घोड्याचं रक्तजल असायचं.

पहिल्या वर्षाच्या प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ही एकमेकांचे रक्तगट तपासले होते. माझा एबी पॉझिटिव्ह निघाला. शंभरात सात-आठ लोकांचाच हा गट. सर हसून म्हणाले होते, "हा सगळ्यांकडून घेईल, पण देईल फक्त स्वतःच्याच गटाला." वर्गात मग काही दिवस माझं नाव 'घेणारा' पडलं. पण प्लाझ्माचं गणित नेमकं उलटं असतं, हे मला २०२० मध्ये कळलं. लाल पेशींत जो सर्वांकडून घेऊ शकतो, त्याचा प्लाझ्मा कुठल्याही गटाच्या रुग्णाला चालतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ असं काही होतं, जे लोक शोधत होते.

आमच्या भागातल्या काही पोरांनी बरे झालेल्यांची यादी केली होती, नाव, फोन, रक्तगट. हेतू चांगला होता. पण अशी यादी एकदा फोनवर फिरायला लागली की ती कुणाकुणाकडे जाईल याचा नेम नसतो. २४ जुलैच्या रात्री साडेनऊला फोन आला. कोथरूडहून बोलतोय, असं ते गृहस्थ म्हणाले. आवाज पन्नाशीचा, थकलेला. धाकटा भाऊ आयसीयूत होता. डॉक्टरांनी प्लाझ्मा आणायला सांगितलं होतं आणि तीन रक्तपेढ्या फिरून झाल्या होत्या. मी हो-नाही म्हणायच्या आतच ते म्हणाले, "हे बघा, मी तुम्हाला फुकट नाही सांगत. पंचवीस हजार देतो. रोख. उद्याच."

मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

हे वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचलं. घरी विचारायचं ते प्लाझ्मा देऊ का, हे. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी आकडाच होता. फी, फोन, टेम्पोचा एक हप्ता आणि वर काही उरतील. हिशेब आपोआप होत गेला. आपल्याकडे रक्ताचा पैसा घेणं बेकायदा आहे, हे मला माहीत होतं का? पुसटसं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ च्या निकालात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत बंद करायला सांगितली आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली, हे मी नंतर वाचलं. अमेरिकेत मात्र प्लाझ्मा देऊन कॉलेजची मुलं आजही खर्चाचे पैसे मिळवतात, तिथे तो रीतसर व्यवहार आहे. आमच्या शेजारच्या कर्नाटक सरकारने तर त्याच जुलैमध्ये कोरोनाचा प्लाझ्मा देणाऱ्याला पाच हजार रुपये देण्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा माझ्या मनात आलेला हिशेब काही जगावेगळा नव्हता. मी स्वतःला हेच सांगत होतो.

घरात सांगितलं. अम्मी घाबरली. दोन महिन्यांपूर्वी अंथरुणातून उठलेलं पोर, त्याच्या अंगातलं रक्त काढणार म्हणजे काय? अब्बा काही बोलले नाहीत. दादी कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती. तिने एवढंच विचारलं, "पैसा दे रे क्या वो लोगां?"

मी म्हटलं, "हौ दादी. पच्चीस हजार."

दादीने तसबीह बाजूला ठेवली. मग तिने जे सांगितलं ते तिच्याच बोलीत लिहिलं तर पान पुरणार नाही, म्हणून माझ्या शब्दांत लिहितो.

दादाअब्बा १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडून बायको-मुलाला घेऊन पुण्याला आले. भवानी पेठेत लाकडाच्या वखारीवर हमाली धरली. पहिल्याच वर्षी मुलाला, म्हणजे माझ्या अब्बांना, मुदतीचा ताप आला. अब्बा तीन वर्षांचे होते. दवाखान्याला पैसे नव्हते. वखारीवर एक माणूस यायचा, तो हमालांतले धडधाकट बघून घेऊन जायचा. काचेची बाटली भरून रक्त द्यायचं, एक कप चहा आणि बन खायचा, पैसे घ्यायचे, त्यातले काही त्या माणसाला द्यायचे. दादाअब्बा एकदा गेले, औषधं आली. पुन्हा गेले, ज्वारी आली. असे तीन महिन्यांत चारदा गेले. चौथ्या खेपेला परत येताना रामोशी गेटजवळ चक्कर येऊन पडले. लोक जमले. कुणी तरी म्हणालं, हमाल आहे, दारू प्यायला असेल. मोहल्ल्यात तेच पसरलं. ज्या माणसाने जन्मात थेंब घेतला नाही, तो दारुडा ठरला. आणि दादाअब्बांनी ते नाकारलं नाही. "दारू पिया बोले तो चलेगा," असं ते दादीला म्हणाले होते, "खून बेच्या करके मत बोल." पुढे एका जुम्म्याला त्यांनी पेशइमामांच्या तोंडून ऐकलं की रक्ताची किंमत घेऊ नये अशी हदीस आहे. त्यानंतर ते कधी गेले नाहीत. पण आधीच्या चार बाटल्यांचं ओझं त्यांच्या मनावर शेवटपर्यंत राहिलं असावं, असं दादी म्हणाली. मी त्यांना पाहिलेलं नाही.

दीड खोलीच्या घरात कुठली गोष्ट एकालाच ऐकू जाते असं नसतं. अब्बा दाराजवळ बसून सगळं ऐकत होते. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ टेम्पोजवळ उभे राहिले.

दादी मला म्हणाली, "बिना पैसे का देता तो जा. पैसा लेता तो मेरेकू पूछ नको."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दादीच्या बोलण्याने मी एका क्षणात सुधारलो, असं लिहिलं तर खोटं होईल. पहाटेपर्यंत माझ्या डोक्यात फी होती. दादाअब्बांनी पोराचा जीव वाचवायला जे केलं त्यात लाज कसली, असाही विचार येत होता, आणि अजूनही येतो. लाज त्यांना वाटायला नको होती, ती त्या वखारीवर येणाऱ्या दलालाला वाटायला हवी होती. पण मग माझा प्रश्न उरतोच. मला कुणाचा जीव वाचवायचा नव्हता, फी भरायची होती.

सकाळी मी फोन केला. म्हटलं, "काका, पैसे नकोत. तुमच्या पेशंटचा प्लाझ्मा कुठल्या रक्तपेढीतून घ्यायचा ते सांगा, मी तिथे येतो." पलीकडे काही क्षण शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे... तुम्हाला कमी वाटतात का?" मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांना खरं वाटलं नाही. "पण नक्की याल ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. व्यवहार झाला असता तर त्यांना माझी खात्री वाटली असती. फुकट देणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवायला कचरतो, हे मला तेव्हा नवीन होतं.

आधी तपासणी. अम्मी माझ्याबरोबर आली. तिलाही आजार होऊन गेला होता आणि रात्रभरात तिचं मत असं फिरलं होतं की पोराऐवजी तिचाच प्लाझ्मा घ्यावा. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "मुलं किती?" अम्मी म्हणाली, "तीन." तर म्हणाल्या, "मग तुमचा नाही चालणार." गरोदरपणात आईच्या रक्तात बाळाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि ती रुग्णाच्या फुफ्फुसांना अपाय करू शकतात, म्हणून कधीही गरोदर राहिलेल्या बाईचा हा प्लाझ्मा घेत नसत. अम्मीला हे समजावून सांगितलं, पण तिला ते पटलं नाही. "तीन लेकरं जनी तो मेरा खून खराब हुआ क्या?" असं ती बाहेर येऊन मला विचारत होती. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते शास्त्राचं होतं आणि तिचा प्रश्न वेगळा होता.

माझं वजन एक्कावन्न किलो भरलं, पन्नासच्या वर लागतं. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर हवं, ते होतं. लक्षणं संपून अठ्ठावीस दिवस झालेले हवेत, तेही होतं. एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशा नेहमीच्या तपासण्या झाल्या, प्रतिपिंडं मोजली. फॉर्मवर एक प्रश्न होता: यापूर्वी कधी रक्तदान केलं आहे का? मी 'नाही' लिहिलं. घरात कुणी केलं आहे का, असा प्रश्न नव्हता.

२९ जुलैला, बकरी ईदच्या तीन दिवस आधी, अब्बांनी मला स्वतः टेम्पोतून सोडलं. बोलले काहीच नाहीत. उतरताना खिशातून खजुराची पुडी काढून दिली, बस्स.

प्लाझ्मा देणं हे नेहमीच्या रक्तदानासारखं दहा मिनिटांचं काम नाही. खुर्चीसारख्या पलंगावर टेकून बसायचं. दंडाजवळ सुई. नळीतून रक्त मशिनमध्ये जातं, तिथे ते गरगर फिरवून पेशी आणि पाणी वेगळं करतात, पाणी पिशवीत आणि लाल पेशी परत आपल्याच अंगात. थोडं जातं, थोडं परत येतं, असं घड्याळाच्या लंबकासारखं तासभर चालतं. परत येणारं रक्त किंचित गार लागतं. मध्ये माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मी घाबरलो. तंत्रज्ञ म्हणाले, रक्त गोठू नये म्हणून जे औषध मिसळतात त्याने अंगातलं कॅल्शियम थोडं कमी होतं, आणि एक गोळी चघळायला दिली. मुंग्या गेल्या. मला रक्त लाल असतं एवढंच माहीत होतं. पिशवीत साठत होतं ते मात्र फिकट पिवळं, आमच्याकडे शीरखुर्म्यात केशर जास्त झालं की दूध दिसतं तसं. ४०० मिली झालं. दोन पिशव्या, २०० च्या. त्यांच्यावर एक नंबर, गट आणि तारीख होती. नाव नव्हतं.

नावाची आठवण बाहेर आल्यावर झाली. आमच्या भागातले एक कार्यकर्ते तिथे थांबले होते. माणूस वाईट नाही, लॉकडाऊनमध्ये त्यांनी घरोघरी रेशन पोचवलं आहे. त्यांच्या हातात प्रमाणपत्र आणि फोन होता. म्हणाले, "फोटो काढू. पेपरला देतो. टोपी आहे का?" माझ्याकडे टोपी नव्हती. त्यांनी स्वतःच्या खिशातून जाळीची पांढरी टोपी काढली. "मेसेज चांगला जाईल," म्हणाले, "आपली बदनामी केली ना, त्यांना उत्तर मिळेल."

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. दिल्लीत एप्रिलमध्ये तबलिगच्याच बऱ्या झालेल्या लोकांनी प्लाझ्मा दिला, तेव्हा ती बातमी वाचून मलाही बरं वाटलं होतं. तरीही मी टोपी घातली नाही. मी नमाजला टोपी घालतो, तिथे सुई टोचून घ्यायला गेलो होतो. एप्रिलमध्ये आमचं नाव विचारून आम्हाला रोग ठरवलं आणि जुलैमध्ये नाव दाखवून आम्ही औषध असल्याचं सिद्ध करायचं, यात माझ्या मनाला काही तरी खटकत होतं. तसं मी त्यांना बोललो नाही. "चक्कर येते आहे," म्हणून सटकलो. ते नाराज झाले. अजूनही भेटले की म्हणतात, तेव्हा फोटो काढला असता तर बरं झालं असतं.

असाच आणखी एक वाद त्या आठवड्यात मोहल्ल्यात होता. सरकारने त्या वर्षी कुर्बानी प्रतीकात्मक करावी असं आवाहन केलं होतं. त्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ बकरी ईदच्या सुमारास पुण्यात रक्तदान घेतं, त्यावरून चहाच्या टपरीवर दरवर्षीसारखी जुंपली, कुर्बानीला पर्याय रक्तदान कसं होईल म्हणून. माझ्या हाताला अजून पट्टी होती. एका चाचांनी ती बघून विचारलं, "तू कुठल्या पार्टीत?" मी म्हटलं, "दोन्हींत. ईदला घरी बोटी शिजणार आहे." सगळे हसले. वाद मिटला नाही, तो मिटायचाही नाही.

आता जे लिहायचं ते जरा कठीण आहे. प्लाझ्माचा उपयोग झाला का? ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'प्लॅसिड' चाचणीचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. देशातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. ज्यांना प्लाझ्मा दिला आणि ज्यांना दिला नाही, त्या दोन्ही गटांत आजार बळावण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पुढे ब्रिटनच्या त्याहून कितीतरी मोठ्या चाचणीतही तेच दिसलं. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा आपल्याकडच्या उपचारांच्या यादीतून काढून टाकला. मी शास्त्राचा विद्यार्थी. निष्कर्ष वाचले, तक्ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि पटले. रात्री मात्र वाटलं, मग ती दुपार कशासाठी होती? ज्या वस्तूसाठी कुणी पंचवीस हजार द्यायला तयार होतं आणि कुणी टोपी घालायला सांगत होतं, तिचा गुण जवळजवळ शून्य निघाला. बरं, ती फुकटही नव्हती. मी पैसे घेतले नाहीत, पण मशिनचा संच, तपासण्या यांचा खर्च घेणाऱ्याला द्यावाच लागतो. सप्टेंबरमध्ये सरकारने २०० मिलीच्या पिशवीला ५,५०० रुपयांची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी काही ठिकाणी त्याहून जास्त घेत असणार. हे मी दादीला सांगितलं नाही. तिच्या 'दुकान' या शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि फी? अम्मीच्या कानातल्यांवर भरली. ती सावकाराकडून सुटायला दीड वर्ष लागलं.

कोथरूडच्या काकांचा फोन ईदच्या नंतर आला होता, ३ ऑगस्टला दुपारी. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'प्लाझ्मा काका' असा आहे, नाव मी कधी विचारलं नाही. ते म्हणाले, "काल गेला." मला काय बोलावं सुचेना. मी 'इन्ना लिल्लाही' मनात म्हटलं. ते म्हणाले, पहिली पिशवी दिली होती, दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर घेतलं, मग दुसरी द्यायची वेळच आली नाही. थोडं थांबून म्हणाले, "दुसरी पिशवी तशीच आहे. तिचे पैसे मी भरलेत. तुमचा गट कुणालाही चालतो असं ते म्हणाले. वॉर्डात एक बाई आहेत, त्यांच्या लोकांना काही परवडत नाही. त्यांना द्या असं मी लिहून दिलं. पण म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुमची हरकत नाही ना?"

मी म्हणालो, "नाही हो काका."

"बरं," म्हणाले. "आभार मानायचे राहिले होते." फोन ठेवला.

दादी ऐकत होती. तिला सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदा मयताबद्दल विचारलं, वय किती, मुलं किती. मला माहीत नव्हतं. मग विचारलं, "वो दुसरी पिशवी बेच्या तो नै ना उने?"

"नाही दादी. दिली."

"हौ," म्हणाली. आणि अम्मीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.